नाते गावचे चिंतामणराव आणि चव्वेचाळीस देशांची बैठक

महाडहून रायगडाला जायचं तर महामार्ग सोडून नाते खिंडीतून आत वळावं लागतं. खिंड मागे पडली की भाताची खाचरं, मग नाते गाव, पुढे कोंझर, पाचाड आणि समोर गड. या रस्त्यावर वर्षभर शिवभक्तांच्या गाड्यांची ये-जा असते आणि बहुतेकांच्या लेखी नाते हे केवळ वाटेवरचं एक गाव. याच गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. घराणं रोह्याकडचं, वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुलगा मुंबई इलाख्यात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच मिळवली. केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्रात पारितोषिक घेतलं आणि १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक पटकावला. मध्यप्रांत-वऱ्हाडात वीस वर्षं कारभार केल्यावर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते बँकेचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय.

चिंतामणरावांची आठवण आपल्याकडे निघते ती १९५६ च्या राजीनाम्यामुळे. मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून त्यांनी केंद्राचं अर्थमंत्रिपद सोडलं. ती आठवण योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग आपण मराठी माणसांनी जवळजवळ विसरून टाकला आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ब्रेटन वुड्स नावाच्या ठिकाणी, ४४ देशांचे प्रतिनिधी तीन आठवडे बसले आणि युद्धानंतरच्या जगात पैशाचा व्यवहार कोणत्या नियमांनी चालेल हे त्यांनी ठरवलं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था तिथेच जन्मल्या. नात्यात जन्मलेले चिंतामणराव त्या बैठकीत होते. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, चीन हे देश आज निधीतल्या मतांवरून आणि इंटरनेटच्या नियंत्रणावरून जे भांडतात, त्या भांडणाचा पहिला अंक तिथे घडला. तो नीट पाहिला की पुढचे अंक समजायला सोपे जातात.

त्या बैठकीत भारताचं म्हणणं काय होतं, ते समजायला आधी महाड-पोलादपूरकडे यावं लागतं.

हा मुलूख सैनिकांचा. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला तर फौजी आंबवडे असंच नाव पडलं आहे. घरटी एकजण तरी सैन्यात, असा त्या गावाचा लौकिक. पोलादपूरच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांची गत वेगळी नव्हती. भात चार महिन्यांचं, उरलेलं वर्ष मुंबईच्या गिरणीतून किंवा पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. दुसऱ्या महायुद्धात या भागातले जवान आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढले. त्यांचा पगार, कपडे, दारूगोळा, वाहतूक या सगळ्याचा खर्च कोणी करायचा याचा एक करार युद्धाच्या सुरुवातीलाच ब्रिटन आणि भारत सरकार यांच्यात झाला होता. भारताच्या संरक्षणाचा खर्च भारताचा. परदेशी आघाडीवर भारतीय सैन्य वापरलं तर तो खर्च ब्रिटनचा.

कागदावर करार न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात ब्रिटनने हा पैसा रोख दिलाच नाही. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंडांचे रोखे जमा होत गेले आणि त्या रोख्यांच्या आधारावर इकडे रुपयाच्या नोटा छापून सैनिकांचा पगार, तागाची पोती, तंबूचं कापड, धान्य यांची किंमत चुकवली गेली. युद्ध सुरू झालं तेव्हा देशात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. संपलं तेव्हा ११०० कोटींच्या वर. नोटा वाढल्या, माल मात्र युद्धावर गेला. तांदूळ, कापड, रॉकेल महागलं. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं, बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. पोलादपूरच्या घरात मनीऑर्डर पूर्वीएवढीच येत होती, पण तिच्यात येणारा तांदूळ कमी झाला होता. म्हणजे ब्रिटनला उधार मिळालेला पैसा खरं तर या घरांच्या ताटातून गेला होता. युद्ध संपेपर्यंत ती उधारी सुमारे १३० कोटी पौंडांवर पोचली. शंभर वर्षं ब्रिटनचा देणेकरी असलेला भारत आता त्याचा सावकार झाला होता, आणि सावकाराच्या हातात रोख छदामही नव्हता.

या खात्याचे कागद सांभाळणारी बँक चिंतामणरावांची. म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या शिष्टमंडळात त्यांचं असणं अटळ होतं.

शिष्टमंडळ चमत्कारिक होतं. प्रमुख सर जेरेमी रेझमन, व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य, इंग्रज. सरकारचे आर्थिक सल्लागार सर थिओडोर ग्रेगरी, तेही इंग्रज. भारतीय तिघे. चिंतामणराव, दक्षिणेतले आर. के. षण्मुखम चेट्टी, जे पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झाले. आणि मुंबईचे पारशी अर्थतज्ज्ञ, टाटांच्या वर्तुळातले ए. डी. श्रॉफ, ज्यांनी त्याच वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘बॉम्बे प्लॅन’ या उद्योगपतींच्या विकास आराखड्यावर सही केली होती. सोबत रिझर्व्ह बँकेचे तरुण अर्थशास्त्रज्ञ बी. के. मदन. पारतंत्र्यातल्या देशाला स्वतंत्र सहीचा अधिकार होता, पण त्या देशातल्या एकाही माणसाने यांना निवडून दिलं नव्हतं. त्याच वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात रेझमन यांच्यासोबत मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत होते. रुपयाच्या प्रश्नावर लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले, १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष दिलेले आंबेडकर. त्यांना या शिष्टमंडळात घ्यावं असं कोणाच्या मनात आलं असतं तर चर्चेला वेगळी धार आली असती, असं मला मनापासून वाटतं.

माउंट वॉशिंग्टन हे प्रचंड पांढरं हॉटेल युद्धामुळे दोन वर्षं बंद होतं. घाईघाईने रंगरंगोटी करून ते उघडलं गेलं आणि सातशेहून अधिक माणसं तिथे येऊन धडकली. कामाचे तीन भाग पाडले होते. निधीच्या समितीवर अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट, बँकेच्या समितीवर ब्रिटनचे जॉन मेनार्ड केन्स, तिसऱ्यावर मेक्सिकोचे एदुआर्दो सुआरेझ. व्हाइट यांनी खरी मेख निधीच्या समितीत मारून ठेवली होती आणि केन्स यांना त्यांनी बँकेच्या कामात गुंतवलं. त्या चर्चांची टिपणं अनेक दशकं अमेरिकी अर्थखात्याच्या ग्रंथालयात पडून होती. ती सापडून २०१२ मध्ये छापली गेली, तेव्हा भारतीय प्रतिनिधी किती वेळा उठून उभे राहिले होते, ते जगाला वाचायला मिळालं.

पहिलं भांडण पौंडांच्या उधारीचं. भारताची मागणी साधी होती. या साठलेल्या पौंडांतला थोडासा भाग तरी निधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेतून यंत्रं घेता येतील. श्रॉफ यांनी सभेत सांगितलं की आमची अवस्था बँकेत दहा लाख डॉलर असून टॅक्सीच्या भाड्याला पैसे नसलेल्या माणसासारखी आहे. इजिप्तने भारताला साथ दिली. युद्धात ब्रिटिश फौजांचा तळ तिथेही होता, त्यामुळे लंडनमध्ये पौंड त्याचेही अडकले होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघेही विरोधात. निधी हा युद्धाच्या कर्जांचा निकाल लावण्यासाठी नाही, असं उत्तर मिळालं. केन्स यांनी भारताचे आभार मानले, ब्रिटन हे देणं सन्मानाने फेडेल असं सांगितलं, पण ते आपण थेट भारताशी बोलू, निधीत नको. मागणी फेटाळली गेली.

पौंड अडकूनच राहतील ही भारताची भीती खरी ठरली. १९४७ ते १९४९ दरम्यान दिल्ली-लंडनमध्ये करारामागून करार झाले आणि पौंड थोडेथोडे सुटत गेले. त्यातला मोठा वाटा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनात आणि मागे ठेवलेल्या युद्धसामग्रीच्या किमतीत गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन होऊन तो ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आला, तेव्हा उरलेल्या शिलकीतून अमेरिकी माल घेण्याची ताकदही तेवढीच खाली आली. फौजी आंबवड्याच्या जवानाने १९४२ मध्ये कमावलेल्या पौंडाची ही अखेर.

दुसरं भांडण शब्दांचं होतं. निधीच्या उद्देशांत, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांची साधनसंपत्ती पूर्णपणे वापरात यावी यासाठी मदत करणं, असं वाक्य घालावं, असा भारताचा आग्रह. त्यालाही बड्या देशांनी नकार दिला. शेवटी सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांचा विकास, असा गुळमुळीत मजकूर पहिल्या कलमात आला. सर्व सदस्य म्हटलं की अमेरिकाही त्यात आली आणि पोलादपूरही आलं. गरीब देशांचं वेगळं दुखणं कागदावरून पुसलं गेलं. त्यांच्या विकासाचं खातं नंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १९६४ च्या जिनिव्हा परिषदेत ७७ देशांचा गट तयार झाला तेव्हा पुन्हा उघडलं.

आणखी एक प्रसंग लहान, पण परिणाम फार मोठा. मसुद्यात ठिकठिकाणी सोन्यात बदलता येणारं चलन असा शब्दप्रयोग होता. भारताच्या प्रतिनिधीने विचारलं, असं चलन म्हणजे नक्की कोणतं, अमेरिकेने व्याख्या करावी. प्रश्न रास्त होता. केन्स त्या वेळी दुसऱ्या समितीत होते. ब्रिटनचे डेनिस रॉबर्टसन यांनी सुचवलं की मग सरळ सोनं आणि अमेरिकी डॉलर असंच लिहू. व्हाइट यांना नेमकं हेच हवं होतं. ते शब्द मसुद्यात जागोजाग बसले आणि डॉलर जगाच्या चलनव्यवस्थेच्या मध्यभागी गेला. स्पष्टता मागायला उठलेल्या भारताच्या प्रश्नातून बलिष्ठाला हवं ते मिळून गेलं. मोठ्यांच्या बैठकीत एकट्याने विचारलेल्या योग्य प्रश्नाचंही असं होऊ शकतं.

तिसरं आणि सगळ्यात कडवट भांडण कोट्याचं. कोणत्या देशाने किती पैसा घालायचा, किती उचलायचा आणि कोणाचं मत किती वजनाचं, हे तिन्ही त्या एका आकड्यावर ठरणार होतं. हा आकडा एका सूत्रातून आला आहे, असं सर्वांना सांगण्यात आलं. त्या सूत्राची जन्मकथा रेमंड माइकसेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने पुढे स्वतःच सांगितली आहे. १९४३ मध्ये व्हाइट यांनी त्यांना बोलावून उत्तर आधी दिलं. अमेरिकेचा कोटा सुमारे २९० कोटी डॉलर, ब्रिटनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, रशियाचा ब्रिटनहून थोडा कमी, मग चीन. या उत्तराला बसेल असं गणित शोधायचं होतं. माइकसेल यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचे दोन टक्के, सोनं आणि डॉलरच्या साठ्याचे पाच टक्के, आयातीचे दहा टक्के, निर्यातीतल्या चढउताराचे दहा टक्के आणि वरून निर्यातीच्या प्रमाणात थोडी वाढ असं करत करत ते बसवलं. ब्रेटन वुड्सला कोट्याच्या समितीत त्यांना सूत्र समजावून सांगायला उभं केलं, तेव्हा ते वीसेक मिनिटं मुद्दाम लांबण लावून बोलले आणि सूत्र मात्र सांगितलं नाही.

या खोलीत बसलेल्या चिंतामणरावांची मनःस्थिती काय असेल? आकडे हा त्यांच्या आयुष्याचा व्यवसाय होता. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांनी जमीन महसुलाचे हिशेब पाहिले होते, १९३१ च्या गोलमेज परिषदेत सचिवांच्या खोलीतून मसुदे फिरताना पाहिले होते. समोर ठेवलेली यादी कुठल्याही एका हिशेबातून निघणार नाही हे त्यांच्यासारख्या माणसाला दिसलं नसेल, असं मी मानू शकत नाही. चीनचं स्थान रूझवेल्ट यांच्या राजकारणाने ठरलं होतं. भारताची लोकसंख्या, व्यापार, युद्धातलं योगदान हे सगळं शिष्टमंडळाने मांडलं आणि रेटून मांडलं. अखेर अमेरिका २७५ कोटी डॉलर, ब्रिटन १३०, रशिया १२०, चीन ५५, फ्रान्स ४५ आणि भारत ४०. एकूण ८८० कोटींतले ४० कोटी म्हणजे साडेचार टक्के. क्रमांक सहावा, आणि संचालक नेमण्याचा हक्क पहिल्या पाचांना.

याच तीन आठवड्यांत दुसरा एक गट काय करत होता, ते पाहण्यासारखं आहे. लॅटिन अमेरिकेचे १९ देश तिथे होते. एकेकट्याचा कोटा भारतापुढे किरकोळ. पण ते एकत्र आले, एकत्र बोलले आणि मतदानाला एकत्र बसले. संचालक मंडळात त्यांच्यासाठी दोन जागा राखीव झाल्या. जागतिक बँकेचं काम फक्त युरोपच्या पुनर्बांधणीचं राहू नये, विकासाच्या प्रकल्पांनाही त्याच तोलाने विचारात घ्यावं, हा मेक्सिकोचा आग्रह होता आणि तो बँकेच्या कलमांत लिहिला गेला. ज्या शब्दासाठी भारत निधीच्या समितीत एकाकी झगडला, तो शब्द बँकेच्या समितीत या देशांनी मिळवला. भारताने इजिप्तला जवळ केलं ते फक्त पौंडांपुरतं. चीनशी तर कोट्यावरून स्पर्धाच होती. इथिओपिया, इराण, इराक यांच्याशी एकत्र बसून काही मांडल्याचं दिसत नाही. इंग्रज प्रमुखाच्या हाताखालच्या शिष्टमंडळाला ते कितपत शक्य होतं हा प्रश्न आहेच. पण नुकसान झालं हेही खरं.

डिसेंबर १९४५ मध्ये अध्यादेश काढून भारत सदस्य झाला. रशियाने सही केली नाही आणि सहावा भारत आपसूक पाचवा झाला. संचालकाची खुर्ची मिळाली. चिंतामणराव पुढे दहा वर्षं या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते आणि १९५० मध्ये पॅरिसच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. आशियातल्या देशाला मिळालेलं ते बँकेचं पहिलं कर्ज. १९५२ मध्ये चिंतामणराव कुलाबा (आताचं रायगड) मतदारसंघातून लोकसभेवर गेले, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे प्रतिनिधी झाले. या सगळ्या धावपळीत कालिदासाचं मेघदूत मराठीत आणण्याइतकी उसंतही त्यांनी काढली होती.

आपसूक मिळालेली ती पाचवी खुर्ची टिकली नाही. जर्मनी आणि जपान सावरले, त्यांचे कोटे वाढले आणि १९७० च्या सुमारास भारत पहिल्या पाचांतून बाहेर पडला. लॅटिन अमेरिकेने एकत्र बसून मिळवलेली जागा आणि शब्द मात्र त्यानंतरही चालत राहिले.

२००८ च्या अमेरिकेतल्या आर्थिक पडझडीनंतर हे सगळं पुन्हा वर आलं. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि नंतर दक्षिण आफ्रिका यांनी मतांचा वाटा बदला असा आग्रह धरला. डिसेंबर २०१० मध्ये निधीने सुधारणा मान्य केली. मग काय झालं? मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, त्यामुळे तिच्या संसदेने होकार दिल्याशिवाय पान हलत नाही. तो होकार डिसेंबर २०१५ मध्ये आला. मान्य झालेली गोष्ट पाच वर्षं कागदावर राहिली.

महाडला हा अनुभव जुना आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र अस्पृश्य जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसं आंबेडकरांच्या मागे रांगेने चालत गेली तेव्हा तो ठराव पहिल्यांदा पाण्यापर्यंत पोचला. माणसाला पाणी नाकारण्याची जखम आणि देशाला मत कमी देण्याचा अन्याय एका मापाने मोजू नयेत, आणि मी मोजत नाही. पण बाबासाहेब त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत महाडच्या सभेची सांगड १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी घालत होते, तेव्हा प्रश्न पाण्याच्या पलीकडे समतेचा आहे, हेच ते सांगत होते. निधीतल्या भांडणातही रकमेपलीकडे हाच प्रश्न आहे.

वाट पाहून कंटाळलेल्या पाच देशांनी जुलै २०१४ मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात स्वतःची बँक काढायचं ठरवलं. मूळ कल्पना २०१२ च्या दिल्लीतल्या शिखर बैठकीतली. वर्गणीचं भांडवल ५ हजार कोटी डॉलर. प्रत्येकी एक हजार कोटी. चीनची अर्थव्यवस्था दक्षिण आफ्रिकेच्या कितीतरी पट, तरी पाचही संस्थापकांचं मत सारखं आणि नकाराधिकार कोणालाही नाही. मुख्यालय शांघायला, पहिले अध्यक्ष भारताचे के. व्ही. कामत. माइकसेल यांच्या गुप्त सूत्राला दिलेलं हे मला माहीत असलेलं सगळ्यात थेट उत्तर आहे.

इंटरनेटच्या बाबतीत मात्र हेच देश एकत्र राहू शकले नाहीत. पत्त्यांची जी मूळ यादी असते, जिच्यावरून कोणतंही संकेतस्थळ सापडतं, तिच्यातल्या बदलांवर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती. काम आयकॅन ही कॅलिफोर्नियातली संस्था करायची. २००५ मध्ये ट्युनिसला झालेल्या जागतिक परिषदेत विकसनशील देशांनी दोन गोष्टी मागितल्या. या यादीवर एकाच सरकारचा हात नको, आणि गरीब भागांपर्यंत जाळं पोचवायला पैसा हवा. पहिल्याच्या बदल्यात चर्चेसाठी दरवर्षी भरणारं एक व्यासपीठ मिळालं. त्याची एक बैठक डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला झाली. दुसऱ्यासाठी डिजिटल एकजुटीचा निधी निघाला, पण वर्गणी ऐच्छिक ठेवली गेली आणि तो कधी उभाच राहिला नाही. मला दुसरी मागणी जास्त महत्त्वाची वाटते. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पाण्याखाली गेलं, वीज गेली, मोबाईल बंद पडले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरड आली. रस्ते बंद, फोन बंद, आणि माणसं मातीखाली. डोंगरातल्या वाडीपर्यंत पोचणारं, पावसात टिकणारं जाळं कोणाच्या पैशाने उभं राहायचं हा प्रश्न ट्युनिसमध्ये विचारला गेला होता.

पहिल्या मागणीवर २०११ मध्ये भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका जवळ आले. रिओ द जानेरोमध्ये तिघांच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांत एक नवी यंत्रणा हवी अशी शिफारस केली. ऑक्टोबरमध्ये भारताने आमसभेत ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला, आणि तिथे भारत एकटा पडला. सरकारांच्या हातात इंटरनेट देऊ नये, अशी टीका भारतातूनही झाली, आणि ती निराधार नव्हती. ज्या सरकारला लोकांनी निवडलं आहे त्यालाही लोकांच्या बोलण्यावर पहारा बसवायचा मोह होतो. २०१२ च्या दुबई परिषदेत दूरसंचाराच्या नव्या करारावर ब्राझील, रशिया, चीन, दक्षिण आफ्रिका या चौघांनी सह्या केल्या; भारताने केली नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेची हेरगिरी उघड केली, तेव्हा ब्राझीलच्या अध्यक्षा दिल्मा रुसेफ यांनी पुढाकार घेऊन एप्रिल २०१४ मध्ये साओ पावलोला परिषद भरवली. सरकारं, कंपन्या, संशोधक, कार्यकर्ते एकाच रांगेत माइकपुढे उभे राहून बोलले. तिच्या अखेरच्या निवेदनाला रशियाने विरोध केला आणि भारताने तिथल्या तिथे होकार दिला नाही. पुढच्याच वर्षी भारताने भूमिका बदलली आणि सर्व घटकांच्या सहभागाची पद्धत स्वीकारली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेने देखरेख सोडली. ती स्नोडेन प्रकरणाच्या दबावातून आणि अमेरिकेतल्या हिशेबांतून सुटली. पाच देशांनी एकजुटीने केलेल्या मागणीतून सुटली असं म्हणायला जागा नाही.

निधीचा कोटा आता पुन्हा चर्चेत आहे. १५ डिसेंबर २०२३ रोजी सोळावा फेरआढावा संपला आणि सर्व देशांचे कोटे सरसकट ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं. सगळ्यांचेच सारखे वाढणार म्हणजे वाटा कोणाचाच बदलणार नाही. वाटा बदलणारं नवं सूत्र सतराव्या फेरआढाव्यावर ढकललं आहे. १९४४ मध्ये परक्या सरकारने पाठवलेल्या शिष्टमंडळाने अखंड भारतासाठी साडेचार टक्के मिळवले होते. जगातल्या पहिल्या पाच-सहा अर्थव्यवस्थांत गणल्या जाणाऱ्या आजच्या भारताचा वाटा २.७५ टक्के आहे, आणि नव्या सूत्रासाठी ब्राझील, चीन, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांनी या वेळी चौघांनी चार नव्हे, एकच मसुदा घेऊन जायला हवं.